एका चौकटींतील दोन चित्रें

धंतोलींतील आमचें वडिलोपार्जित घर दोन वर्षांपूर्वीं उतरविण्यांत आलें. ज्या रस्त्यांवर आम्ही विटीदांडू खेळलों, तेथें आतां राहत्या घरांपेक्षां रुग्णालयेंच अधिक दिसतात. तेव्हां आमच्या कौलारू घराची पाळी आली ह्यांत नवल करण्यासारखें कांहीं नव्हतें. सामानाची आवराआवर चालली असतां बैठकीच्या खोलींतील एक मोठी तसबीर मात्र आम्हीं स्वतः खालीं उतरविली. मजुरांच्या हातीं ती देववेना. ह्याच तसबिरीखालीं बसून आम्हीं पाढे पाठ केले, दसऱ्याच्या दिवशीं हिलाच झेंडूची माळ घातली, आणि हिच्याच अभिमानापायीं एकदां आमच्या हातून अशी एक गोष्ट घडली कीं, तिची आठवण झाली म्हणजे पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरहि मान खालीं घालावीशी वाटते. शाळेच्या वार्षिकासाठीं कांहीं लिहून द्यावें असा संपादक-मंडळाचा आग्रह झाला, तेव्हां दुसरा विषय आम्हांस सुचेना.

तसबिरीच्या पाठीमागें काय निघालें तें पुढें येईलच. आधीं पुढल्या बाजूविषयीं.

चित्र होतें छत्रपति शिवाजी महाराजांचें. पांढऱ्या शुभ्र घोड्यावर महाराज बसलेले, उजवा हात उंचावलेला, पाठीमागें डोंगर, डोंगरावर तट आणि बुरूज, आणि घोड्याच्या मागून दाटीनें चाललेले मावळे. रंग एकेकाळीं भडक असावेत. आमच्या वेळेपर्यंत तांबड्याचा विटकरी आणि हिरव्याचा शेवाळी झाला होता. खालच्या कडेस छापखान्याचें नांव होतें, पण कसरीनें तें खाऊन टाकलें होतें. 'पुणें' एवढीं दोन अक्षरें मात्र वांचलीं होतीं. लहानपणीं दुपारच्या वेळीं झोप येत नसे तेव्हां आम्ही भावंडें ते मावळे मोजीत असूं. कधीं सतरा भरत, कधीं अठरा. कारण एकाचें नुसतें पागोटेंच दिसे, आणि पागोट्यास माणूस म्हणावें कीं नाहीं ह्यावर आमचें भांडण होई. महाराजांच्या कपाळावरील गंध, अंगरख्याची वेलबुट्टी, घोड्याच्या लगामाचे गोंडे हें सर्व चित्रकारानें मन लावून काढलें होतें. मावळ्यांच्या वाट्याला मात्र त्याचें मन आलें नव्हतें. भाले सरळ रेघांचे, आणि तोंडें सर्वांचीं एक. ही गोष्ट आम्हांस तेव्हां दिसली नाहीं. दाखवून द्यावी लागली.

आमच्या पिढीच्या घरोघरीं अशी एखादी तरी तसबीर असे. हीं चित्रें आलीं कोठून, हा विचार तेव्हां आम्हीं केला नाहीं. देव्हाऱ्यांतील देवांप्रमाणें तीं पहिल्यापासूनच तेथें असावींत असें वाटे. पुढें थोडें वाचन झालें तेव्हां कळलें कीं, ह्या भिंतीवरच्या वीरांनाहि जन्मतिथि आहे.

दगडावर चित्र काढून तें कागदावर उठविण्याची युक्ति बव्हेरियांतील आलोइस झेनेफेल्डर नांवाच्या गृहस्थानें अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधून काढली. गुळगुळीत घांसलेल्या विशिष्ट चुनखडकावर तेलकट खडूनें चित्र काढावयाचें, मग दगड ओला करावयाचा; पाणी तेलाला धरीत नाहीं, आणि तेलकट शाई पाण्याला धरीत नाहीं; म्हणून शाई चित्रापुरतीच बसते. लांकडाच्या ठशासारखें कोरीत बसण्याचें काम नाहीं. रंगीत चित्र काढावयाचें तर प्रत्येक रंगास निराळा दगड, आणि कागद एकामागून एक प्रत्येक दगडावर अचूक त्याच जागीं बसला पाहिजे. आमच्या तसबिरींत महाराजांच्या तांबड्या जिरेटोपाची कड केसभर बाहेर सरकली होती. तो दोष चित्रकाराचा नसून कागद ठेवणाराचा, हें आम्हांस कित्येक वर्षांनीं समजलें. मुंबईंत ही विद्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत आली, ती पाहून गणपत कृष्णाजी ह्यांनीं आपला स्वतःचा छापखाना उभारला आणि १८३१ मध्यें मराठी पंचांग छापलें. धर्मप्रसाराकरितां आणलेल्या यंत्राची विद्या पाहतां पाहतां उचलून एका हिंदु गृहस्थानें तिथिवार छापावे, ही गोष्ट मिशनच्या शाळेंत शिकलेल्या आम्हांस मोठी गमतीची वाटते. यंत्र कोणाचें, आणि त्यांतून निघतें काय!

पुढें १८७८ मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकर ह्यांनीं कांहीं स्नेह्यांच्या साह्यानें पुण्यास चित्रशाळा काढली. विष्णुशास्त्र्यांची 'निबंधमाला' तेव्हां चालू होती. न्यू इंग्लिश स्कूल आणि 'केसरी' अजून निघावयाचे होते. म्हणजे शाळा आणि वर्तमानपत्र ह्यांच्याहि आधीं त्यांना चित्रांचा कारखाना सुचला, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. 'निबंधमाला' वाचणार किती? ज्यास अक्षर येतें तो. आणि चित्र पाहणार किती? ज्यास डोळे आहेत तो. देवादिकांच्या चित्रांबरोबरच नाना फडणीस, पेशव्यांचा दरबार, शिवाजी महाराज हीं चित्रें पुण्याहून निघूं लागलीं आणि देवाच्या शेजारच्या खिळ्यावर जाऊन बसलीं. इंग्रजी अमलांतील शाळेंत जो इतिहास परक्यांच्या शब्दांत शिकावा लागे, तोच घरीं भिंतीवर स्वतःच्या पागोट्यांत उभा राहिला. चित्रशाळेची धुरा पुढें वाहणारे वासुकाका जोशी हे लोकमान्यांच्या निकटच्या मंडळींपैकीं होते, एवढें सांगितलें म्हणजे ह्या चित्रांचा वारा कोणत्या दिशेचा होता तें निराळें सांगावयास नको. १८९४ मध्यें राजा रविवर्मा ह्यांनीं मुंबईस जर्मन यंत्रें आणून आपला छापखाना थाटला. तो पुढें लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला, आणि लक्ष्मी, सरस्वती व शकुंतला ह्यांजबरोबर तेथूनहि शिवछत्रपति घरोघर पोंचले. त्याच छापखान्याच्या कामांत हात घातलेले दादासाहेब फाळके ह्यांनीं १९१३ मध्यें चित्रांना चालतें केलें, ही तर प्रसिद्ध गोष्ट आहे.

१८९५ मध्यें रायगडावरील समाधीच्या दुरवस्थेविषयीं 'केसरी'नें हांक दिली, १८९६ मध्यें गडावर उत्सव झाला, आणि मग गांवोगांव शिवजयंती होऊं लागली. उत्सव म्हटला म्हणजे मिरवणूक आली, आणि मिरवणूक म्हटली म्हणजे तींत मिरवावयास कांहीं तरी हवें. मूर्ति सर्वांस कोठून परवडणार? रंगीत चित्रानें ती अडचण दूर केली. त्या चित्रांतील चेहरा महाराजांचाच होता काय, हा प्रश्न कोणाला पडला नाहीं. वास्तविक कित्येक वर्षें भलत्याच एका सरदाराचें चित्र महाराजांचें म्हणून पुस्तकांतून छापलें जात होतें, इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे ह्यांनीं डच कागदपत्रांशीं संबंध असलेलें समकालीन चित्र उजेडांत आणून ती चूक दुरुस्त केली. संशोधकांस तो मोठाच आनंद. परंतु ज्या माणसानें आयुष्यभर ज्या चेहऱ्यापुढें हात जोडले, त्यानें काय करावें? आमच्या आजोबांनीं कांहींच केलें नाहीं. तसबीर होती तेथेंच राहिली.

सरकारला मात्र चित्रांचें मोल आमच्यापेक्षां लवकर कळलें. १९१० च्या मुद्रणविषयक कायद्यांत आक्षेपार्ह मजकुराबरोबर चित्रें आणि छायाचित्रें ह्यांचाहि समावेश करण्यांत आला. १९३१ मध्यें भगतसिंग फांसावर गेले, आणि त्यांचें टोपी घातलेलें चित्र इतकें सर्वत्र झालें कीं त्याच्या अनेक नकला सरकारास जप्त कराव्या लागल्या. १९४५ च्या अखेरीस लाल किल्ल्यांत आझाद हिंद फौजेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला तेव्हां लष्करी पोशाखांतील सुभाषबाबू पानाच्या दुकानांपासून दिवाणखान्यांपर्यंत सर्वत्र जाऊन बसले.

हा प्रकार कांहीं आमच्याच देशांत घडला असें नव्हे. फ्रान्सच्या पूर्वेस एपिनाल म्हणून एक लहानसें गांव आहे. तेथें पेलेरां नांवाच्या गृहस्थानें १७९६ मध्यें चित्रांचा छापखाना काढला. पूर्वीं ह्या गांवचे कारागीर संतांचीं चित्रें व खेळण्याचे पत्ते छापीत. पुढें १८३० च्या सुमारास झोर्झां नांवाच्या कोरक्यानें नेपोलियनच्या लढाया लांकडांत कोरल्या, आणि फेरीवाले त्या पाठीवर टाकून खेडोपाडीं विकूं लागले. नेपोलियन १८२१ मध्येंच दूरच्या बेटावर मेला होता. पण शेतकऱ्याच्या चुलीवरच्या भिंतीवर तो घोड्यावर बसून जिवंत होता. शिपायांच्या ओळीच्या ओळी छापलेले कागदहि तेथें निघत. मुलांनीं ते पुठ्ठ्यावर चिकटवून कापावेत आणि टेबलावर लढाई मांडावी. रंग भरण्याची पद्धति अशी कीं, पत्र्याला किंवा कागदाला भोंकें पाडून त्यावरून कुंचला फिरवावयाचा: एक भोंक सर्वांच्या डगल्यांचें, एक सर्वांच्या गालांचें. त्यामुळें पलटणींतील सर्व शिपायांचे गाल सारखेच लाल. प्रशियांत नॉयरुपिन येथें असाच कारखाना होता, आणि १८७० मध्यें दोन्हीं देशांचें युद्ध जुंपलें तेव्हां दोन्हींकडच्या भिंतींवर दोन्हींकडचे शिपाई विजयीच होत होते! जपानांत १९०४-०५ च्या रशियाशीं झालेल्या युद्धाचीं रंगीत चित्रें निघालीं तोहि मासला ह्याच जातीचा. राजाचें चित्र राजवाड्यांत असे तोंवर देश राजाचा होता. शिपायाचें चित्र शेतकऱ्याच्या घरीं आलें आणि देश शेतकऱ्याचा झाला, असें एका अर्थानें म्हणतां येईल. मात्र तो शिपाई कोणता, हें चित्रकारच ठरवीत आला.

आतां त्या गोष्टीकडे वळणें प्राप्त आहे.

१९६५ साल. सप्टेंबरांत पाकिस्तानशीं युद्ध झालें. रात्रीं दिव्यांना काळा कागद लावीत, दिवसा मैदानांत खंदकांतून उड्या मारीत आम्ही मुलें त्या दिवसांत एकाएकीं मोठीं झालों होतों. अब्दुल हमीद ह्यांचें नांव प्रत्येकाच्या तोंडीं होतें. शास्त्रीजींनीं दिलेली 'जय जवान, जय किसान' ही घोषणा आम्हीं बांकांवर चाकूनें कोरून ठेवली व त्याबद्दल छड्या खाल्ल्या. डिसेंबरांत शाळेचें स्नेहसंमेलन होतें. त्या वर्षीं हस्तकलेच्या प्रदर्शनाऐवजीं वीरांच्या चित्रांचें प्रदर्शन भरवावें अशी कल्पना निघाली. चित्रें मुलांनींच आपापल्या घरून आणावयाचीं, आणि निवड करण्यासाठीं चार मुलांचें मंडळ. आम्ही त्या मंडळाचे प्रमुख होतों. घरची तसबीर आजोबांच्या हातापायां पडून आम्हीं सायकल-रिक्षांतून शाळेंत आणली होती, आणि ती सभागृहाच्या मध्यभागीं लागावयाची होती. त्यामुळें आमच्या अंगावर मूठभर मांस चढलें होतें.

चित्रें पुष्कळ आलीं. राणी लक्ष्मीबाई तीन आल्या, राणाप्रताप दोन, नेताजी पांच. जवानांचीं कॅलेंडरें आलीं, वर्तमानपत्रांतून कापलेले रणगाडे आले. आमच्याच वर्गांत कामठीच्या बाजूनें सायकलीनें येणारा एक मुलगा होता. गणितांत हुशार, बोलावयास कमी. त्यानें एक चित्र आणलें, तें वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळलेलें होतें. उघडून पाहतों तों एक छायाचित्र. लष्करी गणवेषांतील एक उंच, सडपातळ गृहस्थ, हातावर दोन फिती, हात शिवणीला चिकटलेले, आणि मागें छावणीतल्या फोटोवाल्याचा तो ठरलेला पडदा: तळें, हंस आणि संगमरवरी कठडा. "हे माझे बाबा," तो म्हणाला. "महार रेजिमेंटमध्यें होते. ब्रह्मदेशांत लढले."

आम्हीं तें चित्र नाकारलें. कारणें दिलीं तीं अशीं: एक, हे साधे शिपाई; प्रदर्शन वीरांचें. दुसरें, ते इंग्रजांच्या फौजेंतले. म्हणजे परक्यांचे चाकर. तिसरें, चित्र रंगीत नाहीं. तिसरें कारण आमच्या मतें सर्वांत भक्कम होतें, कारण त्याला उत्तर नव्हतें. चौथेंहि एक कारण होतें. तें आम्हीं उच्चारलें नाहीं. मंडळांतील कोणींच उच्चारलें नाहीं. आणि उच्चारलें नाहीं म्हणून तें नव्हतें असें जर आज लिहूं तर तें खोटें होईल. ज्या रेजिमेंटचें नांव त्यानें घेतलें, त्या नांवांतच तें कारण होतें, आणि तें ऐकून आम्ही चौघांनीं एकमेकांकडे पाहिलें होतें.

तो कांहीं बोलला नाहीं. वर्तमानपत्राचा कागद त्यानें पुन्हां नीट घडीवर घडी घालून गुंडाळला. जातां जातां आमच्या तसबिरीपुढें क्षणभर थांबला, वांकून पाहूं लागला आणि म्हणाला, "अरे, हे सगळे मावळे एकाच तोंडाचे कसे?" आम्हीं पाहिलें. खरेंच, सर्वांचें तोंड एक होतें. तीच भुंवई, तीच मिशी, तेंच नाक. दहा वर्षें आम्ही ते मोजीत आलों होतों.

प्रदर्शन उत्तम झालें. आमचे चित्रकलेचे शिक्षक भिंतीवरून फिरत असतां एका रिकाम्या खिळ्यापाशीं थबकले, "येथें काय होतें?" म्हणून त्यांनीं विचारलें. "कांहीं नाहीं सर," असें आम्हीं सांगितलें.

ही झाली तसबिरीच्या पुढल्या बाजूची हकीकत. आतां मागली. घर उतरवितेवेळीं तसबिरीची कांच तडकली होती. म्हणून ती एका ओळखीच्या चौकटवाल्याकडे नेली. त्यानें मागचे गंजलेले चुके उपटले, पुठ्ठा काढला, आणि म्हणाला, "काका, आंत आणखी एक आहे." महाराजांच्या चित्राच्या पाठीशीं, तोंड भिंतीकडे करून, दुसरें एक रंगीत चित्र बसविलेलें होतें. सूर्यप्रकाश न लागल्यामुळें त्याचे रंग कालच छापल्यासारखे ताजे होते. लष्करी गणवेष, छातीवर पदकांच्या रांगा, खांद्यावर सोनेरी झालरी, कमरेला तलवार: बादशहा पंचम जॉर्ज!

आम्ही दुकानांतच स्टुलावर बसलों. आजोबा जुन्या मध्यप्रांताच्या सचिवालयांत कारकून होते, हें आम्हांस ठाऊक होतें. १९११ च्या दिल्ली-दरबारासाठीं बादशहा हिंदुस्थानांत आले त्या भेटींत नागपुरासहि त्यांचे पाय लागले, आणि सीताबर्डीच्या किल्ल्यांत त्याची खूण म्हणून स्तंभ आहे, हेंहि ठाऊक होतें. म्हणजे ज्या टेंकडीवर १८१७ च्या नोव्हेंबरांत भोंसल्यांच्या फौजेचा मोड झाला, त्याच टेंकडीवरून पाऊणशें-शंभर वर्षांनीं बादशहांनीं प्रजेला दर्शन दिलें, आणि आमचे आजोबा, तेव्हां शाळकरी, त्या गर्दींत असावेत. चित्र कदाचित् त्याच सुमारास घरांत आलें असेल, कदाचित् नोकरी लागल्यावर. मग तें कधीं उलटें झालें? आमचा तर्क १९२३ चा आहे. त्या वर्षीं नागपुरांत झेंडा-सत्याग्रह झाला. राष्ट्रीय निशाण घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जाण्यास बंदी होती, जमनालाल बजाज ह्यांना अटक झाली, देशाच्या कानाकोपऱ्यांतून स्वयंसेवक येऊन तुरुंगांत गेले, आणि पुढें वल्लभभाई पटेलांनीं त्याची सूत्रें हातीं घेतलीं. हें सर्व आमच्या घरापासून हांकेच्या अंतरावर. त्या वर्षीं ज्या घरावर बादशहा असेल त्या घराकडे शेजारी कोणत्या नजरेनें पाहत असतील ह्याची कल्पना करावी.

परंतु महाराज पुढें आणले तर बादशहाला फेकून कां दिलें नाहीं? धाकटे बंधु म्हणतात, भीतीनें. साहेब घरीं आलाच तर तसबीर उलटी करतां यावी! आमच्या सौभाग्यवतींचें म्हणणें, काटकसरीनें. जाड कागद होता, पुठ्ठ्याचें काम झालें. आम्हांस दोन्हीं खरीं वाटतात, आणि कधीं कधीं तिसरेंच मनांत येतें. चवदा-पंधरा वर्षांच्या मुलानें टेंकडीवर एकदां जें वैभव डोळे भरून पाहिलें, तें पुढें चुकीचें ठरलें तरी फाडावयास त्याचा हात धजला नसेल. पंचवीस वर्षें त्या सरकारची भाकरी खाऊन त्यांनीं घर चालविलें, मुलांना शिकविलें. १९६५ मध्यें ज्यांच्या मांडीला मांडी लावून आम्ही जेवत होतों, ते इंग्रजांचे चाकर नव्हते काय? त्यांच्या तसबिरीला आम्हीं मधोमध खिळा ठोकला; आणि ज्यानें जंगलांत गोळ्या झेलल्या त्याच्या पोराला चाकराचा पोर ठरवून परत पाठविलें.

त्या संध्याकाळीं आम्हीं आमच्या मित्राचा शोध सुरू केला. शोध कसला, एका जुन्या वर्गबंधूकडे विचारतांच ठावठिकाणा मिळाला. तोहि आतां सेवानिवृत्त, नातवंडांचा आजोबा. फोनवर नांव सांगितलें तर म्हणाला, "कोण, धंतोलीचा कां? ये कीं." गेलों. बैठकीच्या भिंतीवर भगवान बुद्ध, निळ्या कोटांतील डॉ. बाबासाहेब, आणि एका कॅलेंडरावर कोरेगांवचा विजयस्तंभ. त्यांच्या खालीं, वेगळ्या लहान चौकटींत, तेंच छायाचित्र: तळें, हंस, कठडा, आणि सरळ उभे असलेले त्याचे बाबा.

बोलतां बोलतां त्यानें बरेंच सांगितलें. ज्या जातीच्या शिपायांचीं नांवें कोरेगांवच्या दगडावर कोरलेलीं आहेत, तिलाच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्याचे दरवाजे बंद झाले. पहिल्या महायुद्धांत, १९१७ मध्यें, गरज पडली तेव्हां १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज सरतांच १९२१ मध्यें मोडून टाकली. १९४१ मध्यें महार रेजिमेंट उभी राहिली. त्यासाठीं बाबासाहेबांनीं केलेली खटपट त्याला तपशिलानें ठाऊक होती. "बाबा म्हणायचे," तो म्हणाला, "आम्ही इंग्रजासाठीं नाहीं गेलों. बंदूक हातांत घेतली कीं गांवांत कोणी 'दूर हो' म्हणत नव्हतें, म्हणून गेलों." आणि मग सहज सांगावें तसें सांगितलें कीं, स्वातंत्र्य आलें तेव्हां बाबा त्याच पलटणींत होते, आणि पुढेंहि कित्येक वर्षें, तिरंग्याखालीं, नोकरी करून मग घरीं आले. १९६५ मध्यें हें आम्हांस ठाऊक नव्हतें. ठाऊक कसें असणार? आम्हीं विचारलेंच नव्हतें.

आम्हीं क्षमेची गोष्ट काढली. बरेच दिवस शब्द जुळवून ठेवले होते, ते सर्व विसरलों. त्यानें मध्येंच थांबविलें. "तें राहूं दे. तुला एक सांगतों, तें कोणाला सांगितलेलें नाहीं. त्या दिवशीं घरीं गेलों तर बाबा ओट्यावर वाट पाहत बसले होते. म्हणाले, 'लावलें काय रे चित्र?' मीं म्हटलें, 'लावलें. मधोमध लावलें. सगळ्यांनीं पाहिलें.' दुसऱ्या दिवशीं ते स्वतः शाळेंत बघायला निघाले होते. मीं सांगितलें, आई-बापांना आंत सोडत नाहींत."

"मग?" आम्हीं विचारलें.

"मग काय? शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगत होते, माझें चित्र पोराच्या शाळेंत लागलें होतें."

चहा आला. आम्हीं बरोबर नेलेलें पंचम जॉर्जाचें चित्र त्याला दाखविलें आणि तें कोठून निघालें तें सांगितलें, तेव्हां तो इतका हंसला कीं त्याची नात आंतून पाहावयास आली. मग तिला जवळ घेऊन तो बादशहाचीं पदकें मोजूं लागला, आणि मध्येंच आमच्याकडे वळून म्हणाला, "ह्याचा मात्र एकेक केस काढला आहे बघ."

यंदाच्या संमेलनांत जुन्या चित्रांचें एक दालन असावें असें मुख्याध्यापकांनीं सुचविलें आहे, आणि आमच्याकडे तसबिरींची मागणी केली आहे. आम्हीं कळविलें कीं, देऊं तर तीन देऊं: छत्रपति, बादशहा आणि तिसरें एक, जें आमचें नव्हे. हें सांगावयास आम्हीं मित्राला पुन्हां फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानें विचारलें कीं चित्राखालीं काय लिहाल? आम्हीं म्हटलें, तूंच लिहून दे. त्यावर तो म्हणाला, लिहावयाचें तर नांव, हुद्दा, नंबर आणि पलटण एवढेंच. 'वीर' वगैरे कांहीं नको. आम्हीं होकार दिला. कांच कोण पुसणार, खिळा कोण ठोकणार, हेंहि त्यानें विचारून घेतलें. चित्र कधीं आणावयास येऊं म्हणून विचारलें तर म्हणाला, "दिवाळी होऊं दे, मग बघूं."